न लागणारा लाल दिवा

"बाबा, हे बटण काय करतं?"

"काहीच नाही करत."

दोन वर्षं आमचा हा संवाद ठरलेला होता. मुलगी शेजारच्या सीटवर बसली की आधी ते बटण दाबणार, मग विचारणार. आमची गाडी म्हणजे १९७१ ची एमजीबी, एमजी या ब्रिटिश कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार, उघड्या टपाची, गडद हिरवी. डॅशबोर्डवर छोटंसं रॉकर बटण, त्यात लाल काच आणि काचेवर 'ब्रेक' लिहिलेलं. दाबलं तरी काही व्हायचं नाही. इतक्या जुन्या गाडीत न चालणाऱ्या वस्तूंची यादी लांबलचक असते. घड्याळाचा काटा अडकलेला, हीटरची कळ नुसतीच फिरणारी, त्यात हे एक. ब्रेक चांगले लागत होते. दिवा कधी लागला नाही, म्हणजे सगळं ठीक असणार, असं मी धरून चाललो होतो.

आम्ही डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची दरवर्षी सरकारी तपासणी होत नाही, त्यामुळे विचारणारंही कुणी नव्हतं. गंमत म्हणजे मी दिवसभर गाड्यांच्या सॉफ्टवेअरवरच काम करतो. ब्रेकचा दिवा कधी लावायचा, कधी नाही, यावर आमच्या बैठकीत तासन्‌तास डोकेफोड चालते. आणि घरच्या गाडीतल्या दोन वायरींच्या दिव्याकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं.

जुलैमध्ये वूडवर्ड ड्रीम क्रूझचे वेध लागले. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वूडवर्ड ॲव्हेन्यूवर फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत जुन्या गाड्यांची जत्रा भरते. दिवसभर गोगलगाईच्या चालीनं जायचं, म्हणजे ब्रेकवर पाय सतत. म्हटलं, एकदा हँडबुक तरी वाचावं. त्यात त्या बटणाचं काम स्पष्ट लिहिलेलं होतं: दाबा, दिवा लागला पाहिजे. न लागल्यास दिव्यात बिघाड. मी दोन वर्षं रोज परीक्षा घेत होतो आणि नापासाचा निकाल बघून समाधानानं गाडी चालवत होतो.

हा दिवा इथं आला तो अमेरिकेच्या कायद्यामुळे. त्याआधीच्या एमजीबीला ब्रेकच्या तेलाची एकच लाइन होती. एक रबरी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत विकण्यासाठी बनणाऱ्या मोटारींना ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन आणि एक निकामी झाली तर कळवणारा दिवा असणं सक्तीचं झालं. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यानं मग मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारा भाग, दुहेरी केला, एक भाग पुढच्या डिस्कसाठी, एक मागच्या ड्रमसाठी. आणि दोन्ही लाइनच्या मध्ये एक पितळी ठोकळा बसवला.

या ठोकळ्याची करामत मला फार आवडते. आत करंगळीएवढा दांडा, त्याला शटल म्हणतात. एका टोकावर पुढच्या लाइनचा दाब, दुसऱ्यावर मागच्या लाइनचा. दोन्ही दाब सारखे तोवर शटल मधोमध. त्याच्या कमरेला एक खाच असते आणि वरून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या स्विचची पिन त्या खाचेत विसावलेली असते. एका लाइनचा दाब गेला की दुसरी लाइन शटलला ढकलते, पिन खाचेच्या उतारावरून वर चढते, स्विच जुळतो, दिवा लागतो. पायाखालचे तेलाचे दाबच दोन बाजूंनी रस्सीखेच करतात आणि हरला कोण ते दिवा सांगतो.

तर शनिवारी सकाळी सुरुवात केली बल्बपासून. अमेरिकेसाठी बनलेल्या या सालच्या एमजीबींना फुगीर गादीसारखा डॅशबोर्ड आहे, लोक त्याला 'ॲबिंग्डनची उशी' म्हणतात. उशीपायी ग्लव्ह बॉक्स गेला आणि मागे हात घालायची जागाही. सीटच्या पाठीवर पाय, डोकं पेडलपाशी, तोंडात टॉर्च, अशा शीर्षासनात मी बल्ब बाहेर काढला. काळा पडला होता. नवा घातला, बटण दाबलं, आणि लाल काच झळकली. मुलगी टाळ्या पिटत सुटली. बायकोनं वरून विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

झालं नव्हतं. रात्री वायरिंगचा नकाशा बघताना एक गोष्ट डोक्यात आली आणि झोप उडाली. ते बटण दाबलं की बल्बची दुसरी बाजू तिथल्या तिथे, डॅशबोर्डमागेच 'अर्थ' होते, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडली जाते. म्हणजे परीक्षा होते ती बल्बची आणि बल्बपर्यंत येणाऱ्या करंटची. तिथून पुढे इंजिनाच्या बाजूला पितळी ठोकळ्यापर्यंत गेलेली वायर, तिचे जोड, तो स्विच, स्विचची अर्थ, यांतलं काहीही तपासलं जात नाही. खरं काम तर तिकडच्याच अर्ध्या भागाचं.

सकाळी बोनेट उघडलं. मास्टर सिलिंडरच्या खाली, आतल्या पत्र्याला तो ठोकळा. स्विचवरचं सॉकेट ओढून काढलं. त्यात दोन वायर, एक दिव्याकडून आलेली, दुसरी काळी, म्हणजे अर्थ. तर्क सोपा: दोन्ही वायर तारेच्या तुकड्यानं जोडल्या तर स्विच जुळल्यासारखंच झालं, दिवा लागायला हवा. इग्निशन चालू केलं, तुकडा घातला. दिवा ढिम्म.

मीटर घेतला. दिव्याकडून आलेली वायर आणि इंजिनाचा एक स्वच्छ बोल्ट यांच्यामध्ये १२.१ व्होल्ट. छान! वायर सलग आहे, म्हणजे दोष काळ्या वायरीत. मग काळीला वळसा घालून पहिलीच वायर सरळ त्या बोल्टला टेकवली. आता दिवा पूर्ण लागायला हवा होता. लागला तो विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकाएवढा. सावली करून बघितलं तरच दिसणारा. बारा व्होल्ट मीटरवर दिसतायत आणि बल्बला पोचत नाहीत, हे काही केल्या डोक्यात शिरेना.

घड्याळात साडेआठ, म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळचे सहा. मामांना व्हिडिओ कॉल लावला.

मामांनी उद्यमनगरात चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, त्यातली निम्मी ॲम्बेसिडरवर. आणि इथं एक सोयरीक आहे. ॲम्बेसिडरचं ते जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज या एकाच घराण्यातली. फोन बोनेटखाली धरल्याबरोबर मामा म्हणाले, "अरे, हे तर आपलंच इंजिन! दोन कार्बोरेटर लावून नटवलंय फक्त." वायरींचे रंगसुद्धा त्यांना तोंडपाठ. तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी म्हणजे इग्निशन, हिरवी म्हणजे इग्निशनची पण फ्यूजमधून आलेली, काळी म्हणजे अर्थ.

मी सगळी कर्मकहाणी सांगितली. १२.१ चा आकडा जरा अभिमानानंच सांगितला.

"ते मीटर ठेव बाजूला."

"अहो मामा, चांगला डिजिटल आहे."

"म्हणून तर सांगतोय. मीटर करंट पीत नाही लेका. केसाएवढी एक तार शिल्लक असली तरी तो बारा दाखवणार. बल्बला प्यायला लागतंय. बल्ब लावून बघ, बल्ब खोटं बोलत नाही."

नळाचं उदाहरण त्यांनीच दिलं. नळात कचरा अडकलाय, तोटी बंद आहे, तर पाइपात दाब पूर्णच असणार. तोटी सोडली की मग कळतं, धार येते की थेंब. माझी धार थेंबाएवढी होती, आणि कचरा कुठं अडकलाय ते शोधायचं होतं.

पद्धतही त्यांनीच सांगितली. दिव्याचा बल्ब हाच टेस्ट लॅम्प समजायचा. लांब वायरीचं एक टोक बॅटरीच्या अर्थला बांधायचं आणि दुसरं टोक ठोकळ्याकडून डॅशबोर्डकडे प्रत्येक जोडावर टेकवत मागे मागे सरकायचं. जिथं दिवा अचानक लख्ख होईल, त्याच्या अलीकडचा जोड चोर. मधे बल्ब असल्यामुळे ही वायर अर्थला टेकवली तरी काही जळत नाही. "पण तपकिरीला हात लावू नकोस," मामांनी दोनदा बजावलं. खरंच आहे. या गाडीत तपकिरी आणि पांढऱ्या, दोन्ही वायरींना फ्यूजच नाही. तिथं शॉर्ट झालं की फ्यूज उडत नाही, हार्नेसच, म्हणजे वायरींची अख्खी जुडीच पेटते.

बॅटरीचीही तऱ्हा आहे. सीटच्या मागे, फरशीखाली, ६ व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये जोडलेल्या. त्यामुळे माझी लांब वायर पार सीटमागून बोनेटपर्यंत, भिंतीवरच्या लग्नाच्या रोषणाईसारखी लटकत होती.

तिसऱ्या टेकवणीला चोर सापडला. हार्नेस पत्र्यातून बाहेर येतो तिथं गोळीच्या आकाराचे पितळी जोड असतात, काळ्या रबरी नळीत दोन्हीकडून दाबून बसवलेले. एकाच्या अलीकडे टेकवलं की उदबत्ती, पलीकडे टेकवलं की लख्ख लाल. रबर मागे सरकवलं तर आत हिरवा थर. गोळी ओढली तर वायरीच्या तारा मातीसारख्या गळून पडल्या, दोनच शिल्लक होत्या. त्या दोन तारांनीच माझ्या मीटरला बारा व्होल्ट दाखवले होते. वायर मागे चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली, नवी गोळी सोल्डर केली, नवी नळी घातली. पाऊण तासाचं काम.

या इंग्रजी गाड्यांच्या वायरिंगवरून अमेरिकेत लुकास या नावाचे पुष्कळ विनोद चालतात, 'अंधाराचा राजपुत्र' वगैरे. मला ते आता पटत नाहीत. पन्नास हिवाळे, रस्त्यावरचं मीठ, इंजिनाची उष्णता, एवढं सोसून पितळ हिरवं झालं तर त्यात बनवणाऱ्याचा काय दोष? आणि पुढं जे सापडलं, ते तर सरळ सरळ माणसाचं काम होतं.

उरली होती काळी वायर. तिच्यासाठी मामांच्या सांगण्यावरून टेस्ट लॅम्प केला. इंडिकेटरचा जुना बल्ब, दोन वायर. एक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी काळीला. लागला नाही, म्हणजे अर्थ नाही. काळीच्या मागं मागं गेलो. ती हार्नेसच्या जुड्यात शिरली आणि एक वीत पुढं जुडीवर वेगळ्याच चिकटपट्टीचा वेढा दिसला. बाकी जुडीवर कारखान्याची मळकी कापडी पट्टी, इथं चकचकीत प्लॅस्टिकची. सोडवली. आत काळी वायर नीट दुमडून ठेवलेली, टोकाला अर्थचं गोल थिंबल, म्हणजे स्क्रूखाली बसणारी धातूची कडी, शाबूत. तुटलेली नाही, जळलेली नाही. कुणीतरी स्क्रू काढून, थिंबल सोडवून, वायर मागं वळवून, वर टेप गुंडाळून ठेवली होती. शेजारीच पत्र्यात ते स्क्रूचं रिकामं भोक.

मी फोन जवळ नेऊन दाखवला. मामा जरा वेळ बोलले नाहीत.

"कुणीतरी दिव्याचं तोंड बांधलंय," ते म्हणाले. "आता ते का बांधलं, ते बघ. आणि तोवर गाडी बाहेर काढू नकोस."

भोक घासून पत्रा उघडा केला, थिंबल कसलं. सॉकेट स्विचवर बसवलं. इग्निशनची चावी फिरवली, आणि बटणाला हातही न लावता लाल दिवा लागला. लागला तो राहिलाच. आदल्या दिवशी त्याच लाल रंगावर आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, आता पोटात गोळा आला. सॉकेट काढलं की विझायचा, बसवलं की लागायचा. म्हणजे वायरिंग आता बरोबर होतं. दिवा खरं बोलत होता, आणि किती वर्षांपासून बोलू पाहत होता कोण जाणे.

वायरिंग बाजूला ठेवून ब्रेककडे वळलो. ब्रेक ऑइलची पातळी ठीक, रंग मात्र उकळून उरलेल्या चहासारखा. चाकं उतरवली. पुढचे कॅलिपर जुने पण कोरडे. मागचे ड्रम काढले तर आत ब्रेक दाबणारे दोन्ही व्हील सिलिंडर नवेकोरे, बाकी सगळ्या जुनाटपणात उठून दिसणारे. तेव्हा गोष्ट उलगडली. केव्हातरी मागचा सिलिंडर गळला, मागच्या लाइनचा दाब गेला, शटल तिकडे सरकलं, दिवा लागला. मालकानं सिलिंडर बदलून घेतले. ब्रेक लागू लागले. पण सरकलेलं शटल आपण होऊन मधे आलं नाही, तिथंच चिकटून बसलं. दुरुस्तीनंतरही दिवा लागलेलाच, म्हणून कुणीतरी वैतागून अर्थच काढून टाकली. पुढं कधी खरोखर लाइन गेली असती, तर सांगणारं कुणी नव्हतं.

शटल नुसतं मधे आणूनही भागणार नव्हतं. प्लॅस्टिकचा स्विच हलक्या हातानं फिरवून काढला, तर भोकात ब्रेक ऑइल डबडबून आलं. ही जागा कोरडी असते. ओली याचा अर्थ शटलवरचे दोन रबरी सील गेलेले. स्विचच्या तळाशीही तोच हिरवा थर. सील आणि नवा स्विच मागवला, चार दिवस थांबलो.

ठोकळा उतरवताना दोन धडे मिळाले, दोन्ही महागात. पाइपांचे नट साध्या पान्यानं फिरवायला गेलो आणि एकाच्या कडा गोल केल्या. त्यासाठी वेगळा, नटाला जवळजवळ वेढणारा पाना मिळतो. आणि ब्रेक ऑइलचा एक ओघळ आतल्या पत्र्यावर गेला तो पुसायचा राहिला. दुसऱ्या दिवशी तिथला हिरवा रंग सायीसारखा सुरकुतून निघाला. तो डाग अजून आहे.

टोकाचं बूच उघडून ठोकळा लाकडावर आपटला, आपटला, आपटला. शेवटी शटल बाहेर आलं, काळं, चिकट. एक सूचना मात्र देऊन ठेवतो: शटल काढायच्या आधी स्विच काढलेला असलाच पाहिजे, नाहीतर खाचेत बसलेली पिन कापली जाते. दोन नवे सील, बुचाला नवा तांब्याचा वॉशर, सगळं ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून परत बसवलं. मग नवं ऑइल भरून सगळ्या ब्रेकची एअर काढली. तेवढा वेळही स्विच बाहेरच ठेवला, कारण एअर काढताना शटल इकडून तिकडे धावतं. भोक कोरडं राहिलं. सील धरले.

स्विच बसवायचा तो बोटांनीच, शेवटचा किंचितसा पान्यानं. प्लॅस्टिकच ते. बसवला, आणि अपेक्षेप्रमाणे दिवा लागला. शटल मागच्या बाजूला सरकलेलं होतं. आता त्याला मधे आणायचं.

याला तीन माणसं लागली. बायको पेडलवर, मुलगी दिव्यावर नजर ठेवून, मी पुढच्या चाकापाशी निपलवर, म्हणजे ऑइल आणि एअर सोडायच्या छोट्या तोटीवर, पाना लावून. शटल मागच्या बाजूला गेलंय, म्हणजे पुढची लाइन किंचित सोडायची. मग मागचा दाब त्याला परत ढकलतो. पण हळू. पेडल दणकन दाबलं तर शटल मध्यावरून पुढं निघून जातं आणि दिवा विझून पुन्हा लागतो.

"दाब... हळू... अगदी हळू."

"हळूच दाबतेय. अजून किती हळू?"

"अजून दाब."

"बाबा, गेला! गेला! ... परत आला."

चार वेळा असंच. एकदा माझा पाना उशिरा फिरला, एकदा बायकोला शिंक आली. पाचव्यांदा मुलगी ओरडली, "गेला!" आणि मी त्याच क्षणी निपल आवळलं. तिघंही श्वास रोखून. दिवा परत आला नाही.

तरी माझा विश्वास बसेना. बंद दिव्यानं मला दोन वर्षं फसवलं होतं. म्हणून शेवटी एक खोटा अपघात घडवला. मागच्या चाकाचं निपल थोडं सोडलं, त्याला नळी लावून बाटलीत सोडली, आणि बायकोला पेडल दाबायला सांगितलं. दिवा झगझगीत लागला. बल्ब, जोड, वायर, शटल, स्विच, अर्थ, सगळी साखळी एकदम तपासून झाली. मग एअर काढून शटल पुन्हा मधे आणायची कसरत आलीच. बायकोनं केली, पण "आता पुढच्या वर्षीच" असं बजावून.

वूडवर्डला गेलो. ऊन, पेट्रोलचा वास, पुढं एक गुलाबी कॅडिलॅक, आम्ही दर वीस फुटांवर थांबत. तिथूनच मी डॅशबोर्डचा फोटो मामांना पाठवला. खाली लिहिलं, 'बघा, बंद.'

त्यांचं लगेच उत्तर आलं: 'बंद हाय का मेलाय, फोटोत कसं कळणार?'

मी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून मुलीला म्हटलं, "दाब."